दोघांनीच महासागर ओलांडायचा तर: खवळलेल्या समुद्रात शिडाची बोट सांभाळण्याची रीत

दहा ते चौदा मीटरची शिडाची बोट घेऊन नवराबायकोने महासागर ओलांडणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पण एक गोष्ट निघण्याआधीच मनाशी पक्की करायला हवी. बोटीवर माणसं दोन असली तरी कोणत्याही क्षणी जागं असतं ते एकच. दुसरं झोपलेलं असतं, किंवा झोपायला हवं असतं. म्हणजे दोघांची बोट ही खरं तर एकट्याने चालवायची बोट आहे, पाळी बदलायला माणूस आहे एवढाच फरक. म्हणून प्रत्येक साधनाला आणि प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: रात्री, ओल्या डेकवर, दोघांपैकी कमी ताकदीच्या माणसाला हे एकट्याने जमेल का? जमत नसेल तर साधन बदला, नाहीतर पद्धत बदला. ‘तेव्हा दोघं मिळून करू’ यावर विसंबू नका, कारण तेव्हा दुसऱ्याला उलट्या होत असतील किंवा त्याच्या हाताला मार लागलेला असेल.

हवामान: आकडे कसे वाचायचे

पहिला बचाव म्हणजे हंगाम. उत्तर अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. म्हणून कॅनरी बेटांवरून कॅरिबियनकडे जाणाऱ्या बोटी नोव्हेंबरच्या अखेरीपासून निघतात. हे अंतर सुमारे २७०० सागरी मैल आहे. दिवसाला १२० ते १५० मैल पडले तर १८ ते २३ दिवस लागतात. अंदाजावर भरवसा ठेवता येतो तो पहिल्या पाच दिवसांपुरता, त्यापुढे येईल ते हवामान झेलायचं. त्यामुळे ‘चांगला अंदाज पाहून निघालो’ ही तयारी फक्त पहिल्या पाच दिवसांची झाली.

अंदाजातल्या लाटेच्या उंचीचा आकडा नीट समजून घ्या. तो सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो. अंदाजात ४ मीटर लिहिलं असेल तर दिवसभरात एखादी लाट ८ मीटरच्या जवळपास येऊ शकते. वाऱ्याचंही तसंच आहे, झोत सरासरीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त असू शकतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. २० नॉटला (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) मजेत चालणारी बोट ४० नॉटला दुप्पट नव्हे, चौपट मार खाते.

उंचीइतकाच, खरं तर थोडा जास्तच, दोन लाटांमधल्या सेकंदांचा आकडा महत्त्वाचा आहे. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर सेकंदांचा वर्ग करून त्याला १.५६ ने गुणायचं. ६ सेकंदांची लाट ५६ मीटर लांब, १२ सेकंदांची सव्वादोनशे मीटर. म्हणजे ४ मीटर उंचीची १२ सेकंदांची लाट ही चढून उतरायची लांबलचक टेकडी आहे आणि ४ मीटरची ६ सेकंदांची लाट ही भिंत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने प्रवाह असला की लाटा आणखी आखडतात आणि फुटायला लागतात.

बॅरोमीटर दर तासाला वहीत लिहा, स्क्रीनवरच्या आलेखावर सोडू नका. मध्यम अक्षांशांवर सलग तीन तास तासाला १ हेक्टोपास्कलने दाब उतरत असेल तर तयारीला लागा. उष्ण कटिबंधात दाब दिवसातून दोनदा आपोआप थोडा वर-खाली होतो. तिथे त्या हंगामाच्या नेहमीच्या दाबापेक्षा तो ३ हेक्टोपास्कलने कमी दिसला तर सावध व्हा. ५ ने कमी असेल तर चक्रीवादळ जवळ आहे असंच धरून चाला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला असतं, दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला. उपग्रह-फोन बंद पडला तरी एवढं तुमच्याकडे राहतं.

शीत आघाडी, म्हणजे थंड हवेची पुढे सरकणारी कड, निघून गेली, पाऊस थांबला, आकाश उघडलं की ‘सुटलो’ असं वाटतं. धोका बहुधा तिथेच असतो. उत्तर गोलार्धात वारा नैर्ऋत्येकडून एकदम वायव्येला वळतो, पण नैर्ऋत्येच्या जुन्या लाटा पुढचे काही तास तशाच येत राहतात. त्यांच्यावर नव्या लाटा आडव्या चढतात आणि जिथे दोन शिखरं एकत्र येतात तिथे लाट उभीच्या उभी फुटते. आघाडी गेल्यावर निदान सहा तास तरी शीड वाढवू नका.

वादळी शिडं: तहान लागल्यावर विहीर खणू नका

कारखान्यातून येणाऱ्या पुष्कळ बोटींच्या मुख्य शिडाला दोनच रीफ, म्हणजे शीड उतरवून लहान करायच्या पायऱ्या, असतात. महासागरासाठी तिसरी रीफ शिवून घ्या, खोल, म्हणजे शिडाची उभी कड निदान ४० टक्क्यांनी कमी करणारी. आणि तिची दोरी कायमची ओवलेली ठेवा. ३५ नॉटच्या वाऱ्यात बूमच्या, म्हणजे शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याच्या, टोकाला लोंबकळून दोरी ओवणं हे दोघांच्या बोटीवरचं काम नव्हे.

वादळी जिब (डोलकाठीपुढचं लहान शीड) आणि ट्रायसेल (मुख्य शिडाऐवजी लावायचं लहान शीड) किती मोठे असावेत यासाठी सागरी शर्यतींच्या सुरक्षा नियमांतलं माप धरा. डोलकाठी, पुढची तार आणि डेक यांच्यामधल्या पुढच्या त्रिकोणाच्या उंचीचा वर्ग काढा, त्याच्या ५ टक्के हे वादळी जिबचं जास्तीत जास्त क्षेत्रफळ. उंची १५ मीटर असेल तर सव्वाअकरा चौरस मीटर. ट्रायसेलसाठी मुख्य शिडाची उभी उंची गुणिले पायाची लांबी, त्याच्या साडेसतरा टक्के. १४ मीटर आणि साडेचार मीटर असेल तर ११ चौरस मीटर. शीड मोठं निघालं तर ते वादळी शीड नाही, नुसतं जाड कापडाचं शीड आहे.

पुढच्या तारेभोवती गुंडाळता येणाऱ्या जिबचा भरवसा मर्यादित ठेवा. अर्धवट गुंडाळलेल्या शिडाचा जोर वर आणि पुढे सरकतो, आकार पोत्यासारखा होतो आणि सगळा भार एका बारीक दोरीवर येतो. ती दोरी गुंडाळण्याच्या ड्रममध्ये शिरते तिथे घासून तुटली की पूर्ण शीड क्षणात उघडतं आणि अशा वाऱ्यात ते परत गुंडाळता येत नाही. तेव्हा आतल्या बाजूला काढता-घालता येणारा स्टे, म्हणजे डोलकाठीला धरणारी तार, बसवून घ्या आणि वादळी जिब त्यावर चढवा. मोठं जिब घट्ट गुंडाळून त्याच्या शीट्सचे, म्हणजे शीड ओढायच्या दोऱ्यांचे, तीन-चार वेढे वर घ्या, ड्रम दोरीने जखडून टाका, आणि एक मोकळं हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, शिडाभोवती सर्पिल गुंडाळून ताणा, म्हणजे वरच्या टोकाला वारा शिरणार नाही.

ही शिडं बंदरात, वारा नसताना एकदा आणि २५ नॉटमध्ये एकदा चढवून पाहा. शीटच्या ठोकळ्याची जागा डेकवर रंगाने खूण करून ठेवा. ऐन वेळी ती शोधण्यात वीस मिनिटं जातात.

रीफ घेताना

‘रीफ घ्यावी का’ असा विचार मनात आला की वेळ झालेली असते, ही जुनी म्हण आहे. दोघांच्या बोटीवर तिच्यात आणखी भर घाला. अंधार पडण्याआधी एक रीफ जादा घ्या, आणि पाळी बदलताना, दोघंही जागे असतानाच, पुढच्या चार तासांत जो वारा येऊ शकेल त्याच्या बेताने शीड ठेवा. साधारणपणे १८ ते २० नॉटला पहिली, पंचविशीच्या आसपास दुसरी, तिशीला तिसरी. तुमच्या बोटीचे खरे आकडे तुम्हीच ठरवा आणि चार्ट-टेबलापाशी चिकटवून ठेवा, म्हणजे वाद नको.

वारा मागून असताना माणूस फसतो. खरा वारा ३० नॉट, बोट ७ नॉटने पळते आहे, तर डेकवर जाणवतात २३. रीफ घ्यायला नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवली की तेच ३५ होतात आणि शिडावरचा दाब सव्वादोन पटींच्या वर जातो. त्यामुळे वारा पाठीशी असेल तर ठरवलेल्या आकड्याच्या ५ नॉट आधीच हात घाला.

क्रम असा. ऑटोपायलटवर बोट वाऱ्याच्या पन्नास-साठ अंशांत आणा. टॉपिंग लिफ्ट, म्हणजे बूमचं टोक वरून धरणारी दोरी, ताणा, हे विसरलात तर हॅलयार्ड सोडताच बूम खाली कोसळेल. वँग, म्हणजे बूमला खाली ओढून धरणारी दोरी, पूर्ण सैल करा, नाहीतर पुढे मागची दोरी कितीही ओढली तरी शिडाचा कोपरा बूमला टेकत नाही आणि चूक कुठे आहे तेच कळत नाही. मग मेनशीट, म्हणजे मुख्य शिडाचं शीट, सोडा, शीड फडफडू दे. आता हॅलयार्ड खुणेपर्यंत उतरवा. ही खूण रंगाची नको, दोऱ्याने गुंडाळून केलेली हवी, म्हणजे अंधारात बोटाला लागते. डोलकाठीपाशी रीफचं पुढचं कडं हुकात अडकवा आणि हॅलयार्ड परत ताणा, शिडाच्या पुढच्या कडेला उभी सुरकुती दिसेपर्यंत. त्यानंतरच मागची रीफदोरी विंचवर, म्हणजे दोरी ताणायच्या रहाटावर, घ्या आणि कोपरा बूमला भिडेपर्यंत ओढा. शेवटी टॉपिंग लिफ्ट सैल, वँग घट्ट, मेनशीट आत.

शिडं फाटतात ती बहुतेक दोन कारणांनी. एक, मागची दोरी अर्धवट ओढलेली असताना मेनशीट खेचलं जातं. दोन, उरलेलं कापड आवरायला मधल्या छोट्या दोऱ्या बूमभोवती करकचून बांधल्या जातात. मागची दोरी थोडी जरी सरकली की सगळा भार त्या छोट्या भोकांवर येतो आणि शीड रांगेने टरकतं. त्या दोऱ्या शिडाच्या पायाखालून, सैल बांधा, आणि रीफ काढताना आधी त्या सोडा. रीफदोरी बूमच्या टोकाच्या कप्पीत जिथे वळते तिथे ती दिवसरात्र एकाच ठिकाणी घासत असते. दर १२ तासांनी दहा-पंधरा सेंटीमीटर सोडा किंवा ओढा, म्हणजे घासण्याची जागा बदलते.

वारा मागून असेल तर प्रिव्हेंटर, म्हणजे बूम अचानक पलीकडे फिरू नये म्हणून बांधायची दोरी, हवाच. तो बूमच्या टोकापासून निघून नाळेवरच्या कप्पीतून फिरून कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या खोलगट जागेत, यावा. बूमच्या मधोमध बांधला आणि बूमचं टोक पाण्यात बुडालं तर बूम तिथेच मोडते.

पाण्यात पडूच नका

६ नॉटने जाणारी बोट मिनिटाला १८५ मीटर पुढे जाते. झोपलेला जोडीदार उठून, भानावर येऊन डेकवर येईपर्यंत दोन मिनिटं सहज जातात. चार मीटरच्या लाटांत पाऊणशे मीटरवरचं डोकंसुद्धा सतत दिसत नाही. म्हणून दोघांच्या बोटीवर पडलेल्याला काढण्याच्या योजनेपेक्षा न पडण्याची योजना महत्त्वाची.

कॉकपिटमधला एक भक्कम कडा असा असावा की जिन्यावर, आत उभं असतानाच त्यात हुक अडकवता येईल. आधी हुक, मग बाहेर. जॅकलाइन, म्हणजे हुक अडकवून चालायला डेकवर लांबीने ताणलेली दोरी, पॉलिस्टरच्या पट्टीची घ्या, नायलॉन ओलं झालं की ताणतं. ती बाजूच्या कठड्यालगत न नेता शक्य तितकी मधून न्या आणि मागच्या टोकाच्या दोन मीटर अलीकडे संपवा, म्हणजे घसरलेला माणूस बोटीमागे फरफटत जाणार नाही. टेदर, म्हणजे माणसाला जॅकलाइनशी जोडणारा हुकवाला पट्टा, दुहेरी, एक फाटा १ मीटरचा, एक २ मीटरचा. काम करताना आखूड फाटाच वापरा. लांब फाटा कठड्यापलीकडे जाऊ देतो.

हुकाकडे जरा बारकाईने पाहा. तो सरळ ओढीला टनावारी भार घेतो, पण आडव्या ओढीला तसा मजबूत नसतो. २०१७ साली दक्षिण हिंदी महासागरात एका शर्यतीच्या बोटीवर टेदरचा हुक डेकवरच्या क्लीटखाली, म्हणजे दोरी बांधायच्या खुंटीखाली, अडकला, आडवा ताण बसून तो उघडला आणि पाण्यात पडलेला खलाशी बोटीपासून सुटला. त्याचा जीव वाचला नाही. तेव्हा जॅकलाइनचं टोक असं बांधा की हुक सरकत जाऊन क्लीटखाली शिरूच शकणार नाही. शेवटी क्लीट येत असेल तर तिथे स्वतंत्र कडा बसवा.

नियम एकच, आणि त्याला अपवाद नाही: दुसरा जागा असल्याशिवाय कॉकपिट सोडून पुढे जायचं नाही. जोडीदाराला उठवायला संकोच वाटतो हे खरं आहे, विशेषतः तो नुकताच झोपला असेल तर. तरी उठवा.

प्रत्येकाच्या लाइफजॅकेटमध्ये एआयएस बीकन, म्हणजे रेडिओवरून आपली जागा कळवणारं छोटं यंत्र, असू दे, जॅकेट फुगताच तो सुरू होतो आणि बोटीवरच्या पडद्यावर जागा दाखवतो. तरी पडलेल्याला वर घेणं उरतंच. भिजलेल्या कपड्यांतलं ८० किलोचं माणूस हाताने उचललं जात नाही. हॅलयार्डला लटकवायची सहापट ओढीची कप्प्यांची जोडी पिशवीत तयार ठेवा आणि नांगरलेल्या बोटीवर ती एकदा वापरून पाहा: जास्त वजनाचं माणूस पाण्यात, कमी ताकदीचं विंचवर. थंड पाण्यात पहिलं एक मिनिट श्वासावर ताबा मिळवण्यात जातं, हातपाय नीट चालतात ते पुढची दहाच मिनिटं. त्यानंतर पाण्यातल्या माणसाकडून दोरी पकडण्याची अपेक्षा ठेवू नका.

झोप आणि पोट

निरभ्र हवेत तीन-तीन किंवा चार-चार तासांच्या पाळ्या चालतात. वादळात हाताने सुकाणू धरायची वेळ आली तर एक तासाच्या पुढे माणूस टिकत नाही. एक तास काम आणि एक तास विश्रांती या हिशेबाने दोघं दीड दिवसात कोसळतात. पुढे सांगितलेल्या पद्धती याच हिशेबातून निवडलेल्या आहेत.

झोपण्याची जागा बोटीच्या मध्यावर, खाली, कडेला कापडी आडोसा बांधलेली. पुढच्या केबिनमधला पलंग वाऱ्यावर चढताना निरुपयोगी असतो. पाळी देताना तोंडी सांगण्यावर थांबू नका. वारा, दाब, शीड, दिसलेली जहाजं आणि ‘मला केव्हा उठव’ हा आकडा पाटीवर लिहा. अर्धवट झोपेत ऐकलेलं डोक्यात राहत नाही.

मळमळीची गोळी उलटी झाल्यावर घेऊन उपयोग नाही. निघण्याच्या किंवा हवा बिघडण्याच्या १२ तास आधी सुरू करा. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी तीन दिवस चालते, पण तिने काहींची नजर धूसर होते, काहींना भ्रम होतो, आणि काचबिंदू असणाऱ्यांना ती चालत नाही. डॉक्टरला विचारा आणि जमिनीवर एकदा लावून पाहा. पट्टी लावलेल्या हाताने डोळा चोळू नका. उलट्या सुरू झाल्या तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घोट घोट देत राहा. २४ तास पोटात काही ठरलं नाही तर माणूस चुकीचे निर्णय घ्यायला लागतं, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही.

वादळाआधीचे बारा तास

सर्वांत आधी एकाला झोपायला पाठवा. आवराआवर एकट्याने होते. दोघं मिळून राबलात तर वादळ सुरू होताना दोघंही थकलेले असाल.

दोन दिवस पुरेल असं मऊ, एका खोलगट वाडग्यात चमच्याने खाता येईल असं अन्न शिजवून झाकण-कुलूप असलेल्या भांड्यात ठेवा, थर्मास भरा. पुढे शेगडीपाशी उभं राहावंच लागलं तर रबरी पँट आणि बूट घालूनच, कारण बोटीवरचे भाजण्याचे प्रकार उकळतं पाणी मांडीवर सांडून होतात.

नांगर जखडा आणि साखळी आत जाते ते भोक बंद करा. तिथून तासनतास पाणी झिरपतं आणि नाळ जड होते. हवेचे झरोके काढून झाकणं बसवा. बॅटऱ्या, जमिनीच्या फळ्या, अवजारांची पेटी, शेगडी यांतलं प्रत्येक बोट उलटी झाली तरी जागेवर राहील का, ते हाताने ओढून पाहा. जिन्याचं तोंड बंद करणाऱ्या फळ्या आत-बाहेर दोन्हीकडून अडकवता येतील अशा हव्यात आणि दोरीने बांधलेल्या हव्यात. इंजिन बंद असताना मागून येणाऱ्या लाटा धुराड्याच्या नळीतून इंजिनात शिरतात, नळीला झडप असेल तर ती मिटा, नाहीतर लाकडी बुच ठोका, आणि किल्लीला चिठ्ठी बांधा की ‘आधी बुच काढ’.

बोटीच्या अंगातून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या प्रत्येक भोकापाशी त्या मापाचं लाकडी बुच बांधलेलं असू दे. ३८ मिलिमीटरचं भोक पाण्याखाली ६० सेंटीमीटरवर फुटलं तर मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येतं. हातपंपाने एक माणूस त्याच्या निम्मंही फार वेळ काढू शकत नाही. हातपंप दोन हवेत, त्यातला एक सगळी झाकणं बंद ठेवून कॉकपिटमधून चालवता येणारा.

बोट थांबवणं: हीव्ह-टू

दोघांच्या बोटीवर याच्याइतकं मोलाचं दुसरं कौशल्य नाही, आणि वादळाचीच वाट पाहायला हवी असंही नाही. जेवायला, झोपायला, दुरुस्तीला, बंदराबाहेर उजाडण्याची वाट पाहायला, केव्हाही करा.

वाऱ्यावर चढत असताना टॅक करा, म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला न्या, पण जिबचं शीट सोडू नका. जिब उलट्या बाजूने फुगतं आणि नाळेला वाऱ्यापासून दूर ढकलतं. बोट मंदावू द्या. मग टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, वाऱ्याआडच्या (वारा जिकडे जातो त्या) बाजूला बांधा, चक्र असेल तर ते वाऱ्याकडे फिरवून अडकवा. आता सुकाणू नाळेला वाऱ्याकडे आणतं, जिब ती मागे ढकलतं, आणि दोघांच्या ओढाताणीत बोट वाऱ्याच्या ४० ते ६० अंशांवर जवळजवळ उभी राहते. नाळ फार खाली पडत असेल तर मेनशीट थोडं ओढा किंवा जिब आणखी लहान करा. बोट पुढेच पळत असेल तर मेनशीट सोडा. खोल पण अरुंद कील, म्हणजे तळाखालचा जड पंख, असलेल्या नव्या बोटी पुष्कळदा जिबशिवाय, नुसत्या तिसऱ्या रीफच्या मुख्य शिडावर जास्त शांत राहतात. तुमची बोट काय मागते ते २० ते २५ नॉटमध्ये दोन-तीन तास घालवून शोधा.

नीट जमलं की बोट एक-दोन नॉटने आडवी सरकते आणि वाऱ्याच्या बाजूला तिच्यामागे पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा उमटतो. येणाऱ्या लाटा त्या पट्ट्यात येऊन मोडतात. कठड्यावरून पाहिलं तर शिखरावरचा फेस पट्ट्याच्या कडेपाशी विरताना दिसतो. बोट पुढे सरकत असेल तर ती त्या पट्ट्याबाहेर पडते आणि संरक्षण जातं, म्हणून पुढचा वेग एका नॉटच्या आत ठेवा. दिवसाला ३० ते ४० मैल वाहत जाल, तेवढं मोकळं पाणी वाऱ्याआड असलं पाहिजे. उलट्या फुगलेल्या जिबचं शीट शेजारच्या तारेवर घासतं, तिथे नळीचा तुकडा चढवा.

केव्हा सोडायचं? लाटा बोटीवरच फुटायला लागल्या किंवा नाळ वारंवार पडून बोट लाटेला आडवी व्हायला लागली की. वारा एकटा बोट उलटवत नाही, फुटती लाट उलटवते. १९७९ च्या फास्टनेट या सागरी शर्यतीतल्या वादळी अपघातानंतर साउदॅम्प्टनला बोटींच्या प्रतिकृतींवर चाचण्या झाल्या. बोटीच्या लांबीच्या ६० टक्क्यांच्या आसपास उंचीची फुटती लाट आडवी बसली की प्रतिकृती पूर्ण उलटत होत्या, ३० टक्क्यांची लाटही काहींना पार आडवी करायला पुरत होती. १२ मीटरच्या बोटीला म्हणजे ७ मीटर आणि साडेतीन मीटर.

पाठ देऊन पळणं, आणि ड्रोग

त्यानंतरचा मार्ग म्हणजे वाऱ्याला पाठ देणं. लहान वादळी जिब, मुख्य शीड पूर्ण खाली. इथे धोका वेगाचा. बोट लाटेवरून घसरत खाली सुटली की नाळ पुढच्या लाटेत रुतते, मागचा भाग फिरतो आणि बोट आडवी पडते. चांगला सुकाणूवाला हे टाळू शकतो, पण तासभरच. ऑटोपायलट लाट येताना पाहत नाही, आणि लाट बसल्यावर सुकाणू फिरवून उपयोग नसतो. त्यात मोटर तापून तो बंदही पडतो.

म्हणून दोघांसाठी आम्ही मालिका-ड्रोगची शिफारस करतो. ड्रोग म्हणजे बोटीचा वेग रोखायला मागून पाण्यात सोडायचं ओढ देणारं साधन. डोनाल्ड जॉर्डन या विमान अभियंत्याने ही रचना काढली आणि अमेरिकी तटरक्षक दलाने तिचा चाचणी अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. लांब दोरीवर सुमारे ५० सेंटीमीटरच्या अंतराने छोटे कापडी शंकू, आणि टोकाला सात ते दहा किलोची साखळी. साडेचार टनांच्या बोटीला सुमारे १०० शंकू, साडेतेरा टनांच्या बोटीला १३० च्या वर. एकच मोठा ड्रोग लाटेच्या उतारावर आला की पाण्याबाहेर निघू शकतो. इथे काही शंकू नेहमीच खोल पाण्यात असतात, त्यामुळे ओढ हळूहळू चढते, हिसका बसत नाही.

दोरीचे दोन फाटे बोटीच्या मागच्या दोन कोपऱ्यांना जोडायचे. डेकवरचा क्लीट याला पुरत नाही. ओढ बोटीच्या वजनाच्या दोन-तृतीयांशापर्यंत जाऊ शकते, त्यामुळे हुलच्या, म्हणजे बोटीच्या मूळ कवचाच्या, बाजूंना आरपार बोल्टने बसवलेल्या पट्ट्या हव्यात. फाट्यांची लांबी मागच्या टोकाच्या रुंदीच्या अडीच पट.

सोडताना ड्रोग पिशवीत घडी घालून भरलेला, फाटे आधीच जोडलेले, कठड्याच्या बाहेरून नेलेले. वजन आधी पाण्यात, मग दोरी आपोआप जाऊ द्या. दोरीच्या वेढ्यात पाय नाही आणि हातात धरून सोडायची नाही, एवढं पाहा. शेवटचे शंकू जाताना ओढ एका माणसाच्या ताकदीपलीकडे गेलेली असते. मग सुकाणू मध्यावर बांधा, जिन्याच्या फळ्या लावा आणि दोघंही आत जाऊन आडोसा बांधून आडवे व्हा. बोट दोन नॉटच्या आसपास वाहते. मागून एखादी लाट कॉकपिटमध्ये पडेल, तेव्हा कॉकपिटचे निचरे मोठे आणि मोकळे हवेत. दर अर्ध्या तासाने पडद्यावर जहाजं पाहा आणि फाटे कुठे घासत नाहीत ना ते पाहा, बाकी वेळ झोप.

नाळेवरून सोडायच्या सागरी नांगराने, म्हणजे पाण्यात उघडणाऱ्या कापडी छत्रीने, नव्या, रुंद मागच्या टोकाच्या बोटी एका जागी स्थिर राहत नाहीत, आणि बोट मागे ढकलली गेली की सुकाणूवर भार येतो. दोघांसाठी आम्ही तो सुचवत नाही.

काय मोडतं, आणि मदत केव्हा

इंजिन बंद पडतं ते बहुधा डिझेलमुळे. टाकीच्या तळाचा गाळ हेलकाव्यांनी ढवळला जाऊन फिल्टर चोंदतो. टाकी निघण्याआधी धुऊन घ्या, पाच-सहा फिल्टर बरोबर घ्या, आणि हवा काढण्याचं काम दोघांनाही डोळे मिटून यायला हवं. इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात लोंबणारी एकही दोरी नाही ना ते दोन्ही बाजूंनी पाहा, नाहीतर ती प्रोपेलरात गुंडाळली जाते.

डोलकाठी पडली तर तिचं मोडकं टोक हुलला भोक पाडण्याआधी ती सोडवावी लागते. तारा कापण्यापेक्षा खिळे काढणं बहुधा सोपं पडतं, म्हणून हातोडी, पक्कड, ठोकायची सळई आणि धातूची करवत एका पिशवीत. आपत्कालीन टिलर चालत्या बोटीवर बसवून पाहिलेला असावा.

मदत मागायला शेवटपर्यंत थांबू नका. सुकाणू गेलं, कुणाला जबर लागलं किंवा दोघंही थकून गेलात, तर उपग्रह-फोनवरून बचावकेंद्राला स्थान, बोटीची अवस्था आणि ‘दर चार तासांनी कळवू’ एवढं सांगा. त्यात जहाज बोलवण्याची सक्ती नसते. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र, जीव धोक्यात असेल तेव्हा, आणि एकदा लावला की बंद करायचा नाही. तो निदान ४८ तास चालतो.

जीवरक्षक तराफ्यात उतरण्याची घाई करू नका. फास्टनेटच्या त्या शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, १५ खलाशी गेले. २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या, त्यातल्या १९ नंतर तरंगत्या सापडल्या. बोट खरोखर पायाखालून बुडत असेल तेव्हाच तराफा.

वादळ ओसरल्यावर ड्रोग लगेच ओढायला जाऊ नका, तास-दीड तासाचं जड काम आहे. आधी एकेक पूर्ण झोप काढा, गरम काही पोटात जाऊ दे, लाटा मवाळ होऊ द्या. मग एका फाट्याला जोडलेली ओढदोरी विंचवर घेऊन, दोन विंच आलटून पालटून वापरत, लाट बोटीखाली आली की सैल पडणारी दोरी तेवढी भरत आत घ्या. ड्रोग आत आला की डोलकाठीच्या तळापासून एकेक तार, एकेक खिळा हाताने तपासा, आणि तिसऱ्या रीफवरच पुढचा मार्ग धरा.